सी कोडमधल्या ‘इनलाइन’च्या वॉर्निंग: कोणत्या क्रमाने सोडवायच्या

सी भाषेत ‘इनलाइन’ लावलेल्या फंक्शनचा कोड कंपायलर कॉलच्या जागीच उलगडू शकतो, आणि तसं झालं नाही की ‘-डब्ल्यूइनलाइन’ हा फ्लॅग वॉर्निंग देतो. तो चालू केला आणि स्क्रीनभर वॉर्निंग आल्या, की बहुतेक जण एकच उपाय करतात: दिसेल त्या फंक्शनवर ‘ऑलवेज_इनलाइन’ (‘नेहमी इनलाइनच कर’) अ‍ॅट्रिब्यूट चिकटवतात. वॉर्निंग जातात, बिल्ड पास होतो. मग काही दिवसांनी बायनरी (तयार झालेला प्रोग्रॅम) फ्लॅश मेमरीत मावेनाशी होते, किंवा कमी स्टॅक (फंक्शनच्या स्थानिक चलांची मेमरी) असलेलं टास्क मधूनच कोलमडतं. त्या वेळी कुणालाच आठवत नाही की याची सुरुवात एका निरुपद्रवी वॉर्निंगपासून झाली होती. कोड रिव्ह्यूमध्ये हाच गोंधळ मी पुन्हा पुन्हा पाहतो, आणि दर वेळी चुकलेली असते ती पायऱ्यांची क्रमवारी.

इथे मुख्यतः जीसीसी हे कंपायलर धरलं आहे. क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे. कीवर्ड, फ्लॅग आणि कंपायलरचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. ‘-डब्ल्यू’, ‘-ओ२’, ‘-आरपास’ आणि ‘-क्यू’ यांतलं पहिलं अक्षर टाइप करताना मोठ्या लिपीतलं (कॅपिटल) घ्यायचं.

## तयारी: कोडला हात लावण्याआधी

कंपायलरची आवृत्ती आणि सी भाषेचं स्टँडर्ड लिहून ठेवा. हे कंटाळवाणं वाटतं, पण अर्ध्या भानगडी इथेच उलगडतात. जीसीसी ५ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि तिच्यात सी भाषेचा डीफॉल्ट ‘जीएनयू८९’वरून ‘जीएनयू११’वर गेला. या दोन्हींत ‘इनलाइन’ आणि ‘एक्स्टर्न इनलाइन’ यांचे अर्थ वेगळे आहेत. त्यामुळे जुना कोड नव्या कंपायलरवर आणला की काल चालणारी फाइल आज लिंक होत नाही, म्हणजे बाकीच्या फाइलींशी जोडली जात नाही. मेकफाइलमध्ये ‘-एसटीडी’ दिलं आहे का, ‘इनलाइन’चा जुना अर्थ लावणारं ‘-एफजीएनयू८९-इनलाइन’ कुणी घालून ठेवलं आहे का, हे प्रत्यक्ष चालणाऱ्या कमांडमध्ये बघा. मेकफाइल वाचून अंदाज बांधू नका.

ऑप्टिमायझेशनची पातळी तीच ठेवा जी रिलीजला असते. ‘-ओ०’ला (ऑप्टिमायझेशन बंद असताना) जीसीसी साधी इनलाइन फंक्शन्स इनलाइन करतच नाही, म्हणून तिथली यादी निरुपयोगी आहे. जीसीसी १० पासून ‘-एफइनलाइन-फंक्शन्स’ हा पर्याय ‘-ओ२’लाच चालू असतो, त्यामुळे आवृत्ती बदलली तरीही यादी बदलते.

पूर्ण स्वच्छ बिल्ड करून लॉग फाइलमध्ये साठवा. मेक फक्त बदललेल्या फाइल पुन्हा कंपाइल करतं. दुसऱ्यांदा बिल्ड केल्यावर वॉर्निंग दिसल्या नाहीत, तर त्या सुटल्या असं नाही. त्या फाइल कंपाइलच झाल्या नाहीत.

आकाराची नोंद घ्या. ‘साइझ’ कमांडचा निकाल, विशेषतः ‘टेक्स्ट’चा, म्हणजे कोडचा, आकडा, लॉगच्या शेजारी ठेवा. शेवटच्या टप्प्यात तो लागणार आहे.

> सावध: ‘-डब्ल्यूइनलाइन’ हा ‘-डब्ल्यूऑल’ किंवा ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’मध्ये येत नाही, तो वेगळा द्यावा लागतो. क्लँग हा फ्लॅग स्वीकारतो पण त्यावर काहीच करत नाही. क्लँगवर ‘-आरपास-मिस्ड=इनलाइन’ वापरा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘सी४७१०’ म्हणजे फंक्शन इनलाइन झालं नाही, आणि ‘सी४७१४’ म्हणजे ‘फोर्सइनलाइन’ लावूनही झालं नाही.

## टप्पा १: वॉर्निंग कोणत्या गटातली आहे ते ठरवा

लॉग उघडा आणि प्रत्येक संदेश तीनपैकी एका गटात टाका.

पहिला गट भाषेच्या नियमांचा. ‘इनलाइन फंक्शन डिक्लेअर्ड बट नेव्हर डिफाइन्ड’, ‘इज स्टॅटिक बट यूज्ड इन इनलाइन फंक्शन व्हिच इज नॉट स्टॅटिक’, आणि लिंकरच्या ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ किंवा ‘मल्टिपल डेफिनिशन’ या एरर. इथे कोड चुकीचा आहे.

दुसरा गट कंपायलरच्या निर्णयाचा. ‘इनलायनिंग फेल्ड इन कॉल टू’ आणि त्यापुढे कारण. इथे कोड बरोबर आहे; तुमची विनंती कंपायलरने मानली नाही, एवढंच.

तिसरा गट ‘ऑलवेज_इनलाइन’चा. इथे तेच वाक्य वॉर्निंग म्हणून न येता एरर म्हणून येतं.

आधी पहिला गट पूर्ण संपवा, कारण तो सुटला की दुसऱ्या गटाची यादी आपोआप बदलते. उलट क्रमाने गेलात तर एकच काम दोनदा कराल.

## टप्पा २: भाषेच्या नियमांचे प्रश्न सोडवा

हा टप्पा सावकाश करा. सी९९ (१९९९चं सी स्टँडर्ड) मध्ये ‘इनलाइन’ या शब्दाचा वेगाशी जेवढा संबंध आहे, तेवढाच लिंकेजशी, म्हणजे ते नाव दुसऱ्या फाइलींना दिसतं का याच्याशी, आहे, आणि तेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

नियम असा. एखाद्या फाइलमध्ये फंक्शनची सगळी फाइल-पातळीवरची डिक्लेरेशन्स ‘इनलाइन’ असतील आणि कुठेही ‘एक्स्टर्न’ नसेल, तर तिथली व्याख्या फक्त ‘इनलाइन डेफिनिशन’ ठरते. कंपायलर हवं तर ती कॉलच्या जागी उलगडेल, पण बाहेरच्यांसाठी तिचं सिम्बॉल (लिंकरला दिसणारं नाव) तयार करणार नाही. कॉल इनलाइन झाला नाही, तर तो बाहेरच्या व्याख्येकडे जातो. ती व्याख्या कुणी दिलीच नसेल, तर लिंकर अडतो.

म्हणूनच हा नेहमीचा प्रसंग घडतो: रिलीज बिल्ड ‘-ओ२’ला व्यवस्थित लिंक होतो आणि डीबग बिल्ड ‘-ओ०’ला ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ देतो. लोक डीबग बिल्डलाही ‘-ओ१’ लावून पुढे जातात. दोष मात्र तिथेच राहतो आणि कंपायलरचा अंदाज बदलला की रिलीजमध्येही उगवतो.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत.

१. हेडरमध्ये ‘स्टॅटिक इनलाइन’. फंक्शन चार-पाच ओळींचं असेल तर हाच मार्ग घ्या. प्रत्येक फाइलला आपली प्रत मिळते आणि लिंकेजचा प्रश्नच उरत नाही.

२. हेडरमध्ये साधं ‘इनलाइन’, आणि नेमक्या एका सी फाइलमध्ये ‘एक्स्टर्न इनलाइन’ डिक्लेरेशन. समजा ‘सीआरसी.एच’मध्ये ‘इनलाइन’ म्हणून ‘सीआरसी_बाइट’ची पूर्ण व्याख्या आहे. मग ‘सीआरसी.सी’मध्ये तो हेडर घ्या आणि त्याखाली ‘एक्स्टर्न इनलाइन’ लावून फक्त प्रोटोटाइप लिहा, शरीर लिहू नका. बाहेरचं सिम्बॉल त्या एकाच फाइलमध्ये तयार होईल. फंक्शनचा पत्ता अनेक ठिकाणी घेतला जात असेल आणि तो सगळीकडे सारखा हवा असेल, तर हा मार्ग योग्य.

३. ‘इनलाइन’ काढून टाका. व्याख्या सी फाइलमध्ये, हेडरमध्ये साधा प्रोटोटाइप. ‘डिक्लेअर्ड बट नेव्हर डिफाइन्ड’ बहुतेक वेळा यामुळेच येतं की शरीर सी फाइलमध्ये आहे आणि हेडरमधल्या प्रोटोटाइपवर कुणीतरी ‘इनलाइन’ लिहून ठेवलं आहे. शरीर दिसतच नसताना बाकीच्या फाइलींनी उलगडायचं काय?

आता तीन खाचखळगे, जे मला सर्वात जास्त वेळा भेटले आहेत.

पहिला: कुठल्या तरी जुन्या हेडरमध्ये त्याच फंक्शनचा ‘इनलाइन’ नसलेला प्रोटोटाइप पडून असतो. वरचा नियम पुन्हा वाचा. ‘सगळी’ डिक्लेरेशन्स ‘इनलाइन’ असावी लागतात. तो जुना हेडर ज्या फाइलमध्ये येतो तिथे व्याख्या बाहेरची बनते, आणि अशा दोन फाइली झाल्या की ‘मल्टिपल डेफिनिशन’. लिंकर दोन ऑब्जेक्ट फाइलींची नावं देतो. दोघींत सामाईक असलेला हेडर शोधा.

दुसरा: ‘इज स्टॅटिक बट यूज्ड’ ही वॉर्निंग. बाहेरच्या लिंकेजच्या इनलाइन फंक्शनमधून फाइलपुरतं मर्यादित ‘स्टॅटिक’ चल किंवा फंक्शन वापरलं, तर प्रत्येक फाइलमध्ये ते वेगळ्याच वस्तूकडे बोट दाखवेल. स्टँडर्ड हे करू देत नाही. बदलता येणारं ‘स्टॅटिक’ चल फंक्शनच्या आत ठेवायलाही मनाई आहे. उपाय म्हणून घाईघाईने फंक्शनलाच ‘स्टॅटिक इनलाइन’ केलं की वॉर्निंग जाते. पण आत ‘स्टॅटिक’ काउंटर असेल तर आता दर फाइलमागे एक स्वतंत्र काउंटर तयार झाला. कोड कंपाइल होतो, आकडे चुकतात, आणि असा दोष शोधायला फार वेळ जातो. मोजायची किंवा लक्षात ठेवायची वस्तू सी फाइलमध्ये एकच ठेवा आणि फंक्शनही तिकडेच न्या.

तिसरा: ‘-एफजीएनयू८९-इनलाइन’ घालून सगळं गप्प करणं. जुन्या जीएनयू नियमांत ‘एक्स्टर्न इनलाइन’ म्हणजे ‘बाहेरचं सिम्बॉल तयार करू नकोस’, आणि सी९९ मध्ये त्याचा अर्थ नेमका उलटा. हा फ्लॅग एका लायब्ररीसाठी लावला आणि तिचेच हेडर दुसऱ्या मॉड्यूलने सी९९ मध्ये घेतले, की तोच हेडर दोन अर्थांनी वाचला जातो. जुना कोड बदलता येत नसेल तर त्या विशिष्ट फंक्शनवर ‘जीएनयू_इनलाइन’ अ‍ॅट्रिब्यूट लावा. मग अर्थ हेडरमध्येच लिहिलेला राहतो.

> तपासा: ‘-ओ०’ आणि ‘-ओ२’ दोन्हीला पूर्ण लिंकपर्यंत बिल्ड करा. दुसरा मार्ग घेतला असेल तर ऑब्जेक्ट फाइलींवर सिम्बॉलची यादी देणारं ‘एनएम’ चालवा: त्या फंक्शनसाठी मोठा ‘टी’ (व्याख्या इथे आहे) फक्त एकाच फाइलमध्ये दिसला पाहिजे, बाकीच्यांत ‘यू’ (व्याख्या बाहेर आहे) किंवा काहीच नाही.

जाता जाता: सी फाइलमध्ये न वापरलेलं ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शन असेल तर ‘-डब्ल्यूअनयूज्ड-फंक्शन’खाली जीसीसी गप्प बसतं आणि क्लँग बोलतं. हेडरमधल्या अशा फंक्शनबद्दल दोघंही बोलत नाहीत. क्लँगचं ऐका आणि ते फंक्शन काढून टाका.

## टप्पा ३: ‘इनलायनिंग फेल्ड’पुढचं कारण वाचा

इथे घाई नडते. संदेश दोन भागांत येतो. पहिली ओळ फंक्शनच्या व्याख्येकडे बोट दाखवते आणि तिच्या शेवटी कारण असतं. खालची ‘कॉल्ड फ्रॉम हिअर’ ही ओळ कॉलची जागा सांगते. निर्णय प्रत्येक कॉलसाठी स्वतंत्र होतो. तेच फंक्शन नऊ ठिकाणी इनलाइन झालेलं असू शकतं आणि दहाव्या ठिकाणी नाही. म्हणून दुसरी ओळ न वाचता फंक्शन बदलायला जाऊ नका.

‘फंक्शन बॉडी नॉट अव्हेलेबल’. व्याख्या दुसऱ्या सी फाइलमध्ये आहे. फंक्शन छोटं असेल तर हेडरमध्ये न्या. मोठं असेल किंवा हेडर फुगवायचा नसेल तर ‘-एफएलटीओ’ वापरून लिंकच्या वेळी इनलाइन होऊ द्या. तो फ्लॅग कंपाइल आणि लिंक दोन्ही पायऱ्यांत द्यावा लागतो.

‘कॅन नेव्हर बी इनलाइन्ड बिकॉज इट यूजेस…’. पुढे ‘अ‍ॅलोका’, ‘सेटजंप’, बदलत्या संख्येचे आर्ग्युमेंट किंवा कंप्यूटेड गोटू यांपैकी काहीतरी असतं. मर्यादा वाढवून यात काही फरक पडणार नाही. फंक्शनची रचना बदला किंवा ‘इनलाइन’ काढा.

‘कॉल इज अनलाइकली अँड कोड साइझ वुड ग्रो’. कंपायलरला वाटतं की हा कॉल क्वचित होतो. ‘मेन’मधले सुरुवातीचे कॉल आणि चूक हाताळणाऱ्या वाटा यांत हे हमखास दिसतं, कारण ‘मेन’ एकदाच चालतं हे जीसीसीला माहीत असतं. इथे कंपायलर बरोबर आहे. कॉल तसाच राहू द्या.

‘मॅक्स-इनलाइन-इन्सन्स-सिंगल लिमिट रीच्ड’. बोलावलं जाणारं फंक्शन मोठं आहे.

‘लार्ज-फंक्शन-ग्रोथ लिमिट रीच्ड’. इथे बोलावणारं फंक्शन मोठं आहे! यावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. जीसीसीच्या आतल्या मोजणीत २७०० सूचनांपुढचं फंक्शन मोठं धरलं जातं, आणि इनलाइन केल्यामुळे ते मूळच्या दुपटीपेक्षा जास्त वाढू नये अशी डीफॉल्ट मर्यादा आहे. आत शेकडो ‘केस’ असलेलं प्रोटोकॉल पार्सरचं एखादं फंक्शन याचं ठरलेलं गिऱ्हाईक. लोक तीन ओळींच्या बिचाऱ्या हेल्परला कात्री लावत बसतात आणि वॉर्निंग हलत नाही. पार्सरचे तुकडे करा.

‘इनलाइन-युनिट-ग्रोथ लिमिट रीच्ड’. संपूर्ण फाइल प्रमाणाबाहेर फुगते आहे. त्या फाइलमध्ये ‘इनलाइन’ हा शब्द किती वेळा आला आहे ते मोजा. उत्तर तिथेच मिळतं.

‘रिकर्सिव्ह इनलायनिंग’. स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनवरचं ‘इनलाइन’ काढा.

> तपासा: कारणांची वर्गवारी झाल्यावर लॉगमधल्या एकूण वॉर्निंगपैकी किती ‘मेन’च्या किंवा चूक हाताळण्याच्या वाटेवरच्या आहेत ते वेगळं काढा. त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही.

## टप्पा ४: ‘इनलाइन’ काढा किंवा फंक्शन दुभागा

उरलेल्या प्रत्येक फंक्शनला एकच प्रश्न विचारा: प्रोफायलरमध्ये (वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनात) हे दिसतं का? दिसत नसेल तर ‘इनलाइन’ काढून टाका आणि पुढे चला. माझ्या अनुभवात बहुतांश वॉर्निंग इथेच निकालात निघतात. लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये ढोबळ नियम दिला आहे की तीनपेक्षा जास्त ओळींच्या फंक्शनवर ‘इनलाइन’ लावू नये. वापरणाऱ्या फाइलमध्ये एकदाच बोलावलं जाणारं ‘स्टॅटिक’ फंक्शन जीसीसी ‘-ओ१’पासूनच स्वतःहून इनलाइन करायला बघतं, त्याला सांगावं लागत नाही.

फंक्शन खरोखरच वारंवार चालणाऱ्या वाटेवर असेल तर ते दुभागा. उदाहरण घेऊ. एका रिंग बफरमध्ये बाइट टाकणारं फंक्शन आहे. आधी जागा आहे का ते बघतं, असेल तर बाइट लिहून निर्देशांक पुढे नेतं. जागा नसेल तर चूक झाल्याचा संदेश तयार करतं, काउंटर वाढवतं, लॉगरला बोलावतं. पहिली वाट चार ओळींची आणि लाखो वेळा चालणारी. दुसरी पंचवीस ओळींची आणि क्वचित. वॉर्निंग येते ती या पंचवीस ओळींमुळे.

१. बफर भरल्यावरचा सगळा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढा आणि ते सी फाइलमध्ये ठेवा.
२. त्यावर ‘नोइनलाइन’ आणि ‘कोल्ड’ ही अ‍ॅट्रिब्यूट लावा.
३. हेडरमध्ये ‘स्टॅटिक इनलाइन’ म्हणून फक्त तपासणी, लिहिणं आणि त्या फंक्शनचा कॉल एवढंच ठेवा.

‘अ‍ॅलोका’ किंवा बदलत्या आर्ग्युमेंटचं कारण आलं असेल तेव्हाही हीच युक्ती चालते, कारण तो भाग बहुधा क्वचित चालणाऱ्या वाटेवरच असतो.

> सावध: ‘--पॅराम’ने मर्यादा वाढवणं हा उपाय सगळ्या प्रोजेक्टला लागू होतो. एका फंक्शनसाठी वाढवलेल्या मर्यादेने इतर शेकडो फंक्शन्स फुगतात. तुमच्या आवृत्तीतले आकडे ‘--हेल्प=पॅराम्स’ आणि ‘-क्यू’ देऊन बघता येतात. बघा जरूर, पण बदलू नका.

## टप्पा ५: ‘ऑलवेज_इनलाइन’, आणि तेही मोजून

हे अ‍ॅट्रिब्यूट वरच्या आकाराच्या आणि स्टॅकच्या मर्यादा बाजूला सारतं. म्हणून ते शेवटी.

ते लावताना ‘इनलाइन’ हा कीवर्डही लिहा. नुसतं अ‍ॅट्रिब्यूट लावलं तर ‘ऑलवेज_इनलाइन फंक्शन माइट नॉट बी इनलाइनेबल’ अशी नवी वॉर्निंग ‘-डब्ल्यूअ‍ॅट्रिब्यूट्स’खाली येते, आणि लोक चक्रावतात.

फंक्शन पॉइंटरमधून होणारा कॉल यानेही इनलाइन होईलच असं नाही. कॉल कुणाला जातोय हे कंपाइलच्या वेळी कळलं तरच ते शक्य आहे.

स्टॅककडे लक्ष द्या. आत २५६ बाइटचा स्थानिक बफर असलेलं फंक्शन बळेच इनलाइन केलं, की ती जागा बोलावणाऱ्याच्या फ्रेममध्ये जाते. ती वाट त्या खेपेला चालो वा न चालो, जागा अडतेच. आरटीओएसच्या (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमच्या) एक किलोबाइट स्टॅकच्या टास्कमध्ये असे दोन-तीन कॉल पुरेसे असतात. ‘-एफस्टॅक-यूसेज’ देऊन तयार होणाऱ्या ‘.एसयू’ फाइलींत आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघा.

‘टार्गेट स्पेसिफिक ऑप्शन मिसमॅच’ ही एरर. एव्हीएक्स२ सारख्या प्रोसेसरच्या खास सूचनासंचाचे इन्ट्रिन्सिक (त्या सूचना थेट वापरू देणारी फंक्शन्स) वापरताना ही येते. ती फंक्शन्स हेडरमध्ये ‘ऑलवेज_इनलाइन’ असतात आणि विशिष्ट सूचनासंचासाठीच बनलेली असतात. तुमच्या फंक्शनला तो संच दिलेला नसतो. झटपट उत्तर म्हणून सगळीकडे ‘-एमएव्हीएक्स२’ लावायचा सल्ला दिला जातो. तसं केलंत तर कंपायलर तुमच्या बाकीच्या कोडमध्येही त्या सूचना वापरेल, आणि जुन्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडेल. त्याऐवजी:

१. इन्ट्रिन्सिक वापरणारं फंक्शन वेगळं काढा.
२. फक्त त्यावर ‘टार्गेट’ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘एव्हीएक्स२’ द्या.
३. बोलावण्याआधी ‘बिल्टिन_सीपीयू_सपोर्ट्स’ने प्रोसेसरची क्षमता तपासा आणि नसेल तर साध्या आवृत्तीकडे वळा.

## टप्पा ६: निकाल प्रत्यक्ष बघा

वॉर्निंग गेली म्हणजे कॉल इनलाइन झाला, असं समजू नका. तुम्ही ‘इनलाइन’ शब्दच काढला असेल तरी ती जाते. मशीन कोड दाखवणाऱ्या ‘ऑब्जडंप -डी’ने बोलावणारं फंक्शन उघडा आणि आत ‘कॉल’ किंवा, आर्मवर असाल तर, ‘बीएल’ सूचना उरली आहे का ते शोधा.

सिम्बॉलच्या यादीत फंक्शनचं नाव दिसणं हा पुरावा नाही. पत्ता घेतला असेल तर कॉल इनलाइन होऊनही प्रत राहते. नावापुढे ‘.पार्ट’, ‘.कॉन्स्टप्रॉप’ किंवा ‘.आयएसआरए’ अशी शेपटी दिसली, तर जीसीसीने स्वतःच फंक्शनची बदललेली किंवा तोडलेली प्रत बनवली आहे. घाबरायचं कारण नाही.

मग ‘साइझ’ पुन्हा चालवा आणि तयारीत लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडा. ‘टेक्स्ट’ वाढला आणि मोजलेला वेळ तसाच राहिला, तर तो बदल मागे घ्या.

शेवटी बिल्डची मांडणी. ‘-डब्ल्यूएरर’ वापरत असाल तर ‘-डब्ल्यूनो-एरर=इनलाइन’ जोडा. ही वॉर्निंग कंपायलरच्या अंदाजावर चालते, आणि कुठे तरी एक ओळ वाढवली की दुसऱ्याच फंक्शनची वॉर्निंग उगवू शकते. त्यासाठी सहकाऱ्याचा बिल्ड अडू नये. पहिल्या गटातल्या वॉर्निंग मात्र एररच राहू द्या. आणि जिथे ‘ऑलवेज_इनलाइन’ ठेवलंत, तिथे वर एका ओळीत लिहा: कोणत्या आवृत्तीवर, किती फरक मोजला.